क्रमांक सहा: बिल रसेल यांचा सन्मान आणि त्याच्या अटी

११ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजेच एनबीए, आणि तिथल्या खेळाडूंची संघटना यांनी मिळून एक निर्णय जाहीर केला. यापुढे लीगमधील तीस संघांपैकी कोणताही संघ नव्या खेळाडूला सहा क्रमांकाची जर्सी देणार नाही. बिल रसेल यांचे निधन ३१ जुलै रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी झाले होते. म्हणजे निर्णयाला अवघे अकरा दिवस लागले. एखाद्या संघाने आपल्या जुन्या खेळाडूचा क्रमांक निवृत्त करून त्याचा फलक मैदानाच्या छताला टांगणे ही या खेळातली जुनी रीत आहे. संपूर्ण लीगने एका माणसासाठी एक क्रमांक कायमचा बाजूला काढून ठेवल्याची एनबीएत ही पहिलीच वेळ होती.

प्रस्तुत टिपणात या निर्णयाचा विचार एका विशिष्ट अंगाने केला आहे. रसेल यांना आयुष्यात मोठे सन्मान देऊ केले गेले, आणि त्यांतले बरेचसे त्यांनी एक तर नाकारले, लांबणीवर टाकले किंवा स्वतःच्या अटीवर स्वीकारले. कोणाच्या साक्षीने, कोणाच्या आधी आणि कशाच्या बदल्यात आपला गौरव व्हावा, हे ठरवण्याचा हक्क त्यांनी देणाऱ्याकडे कधी सोपवला नाही. सर्वांत मोठा सन्मान मात्र त्यांच्या पश्चात झाला, जेव्हा अट घालायला ते उरले नव्हते. व्यावसायिक बास्केटबॉल आपल्या जुन्या खेळाडूंची आठवण कशी ठेवते, हे समजून घ्यायला याहून बोलके प्रकरण मला माहीत नाही.

ज्याची नोंदच झाली नाही असा खेळ

रसेल यांचा जन्म १९३४ साली लुइझियानातील मनरो या गावी झाला. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाला त्यांनी १९५५ आणि १९५६ अशी सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये अमेरिकेसाठी सुवर्णपदक जिंकले आणि त्यानंतर डिसेंबर १९५६ मध्ये ते बॉस्टन सेल्टिक्सकडे रुजू झाले. पुढच्या तेरा हंगामांत सेल्टिक्सने अकरा अजिंक्यपदे जिंकली. त्यांतली आठ १९५९ ते १९६६ या काळात ओळीने आली. १९६६ मध्ये रेड आउरबाख यांच्यानंतर रसेल खेळता खेळताच संघाचे प्रशिक्षक झाले. एनबीएतले ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आणि शेवटची दोन अजिंक्यपदे (१९६८ आणि १९६९) त्यांनी या दुहेरी भूमिकेत जिंकली.

इथे एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. रसेल यांची खरी ताकद बचावात होती. प्रतिस्पर्ध्याने टाकलेला चेंडू हवेतच अडवायचा, आणि अडवताना तो प्रेक्षकांत भिरकावून न देता आपल्या सहकाऱ्याच्या हाती जाईल असा वळवायचा, ही कला त्यांनी या खेळात रुजवली. परंतु असे अडवलेले चेंडू, म्हणजे ब्लॉक, अधिकृतपणे मोजायला एनबीएने १९७३-७४ च्या हंगामात सुरुवात केली. रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाले होते. त्यामुळे ज्या कौशल्यासाठी ते सर्वांत मोठे मानले जातात, त्याचा एकही आकडा लीगच्या दप्तरात नाही. रिबाउंडचा, म्हणजे नेम चुकल्यावर उसळलेले चेंडू पकडण्याचा, आकडा आहे, २१,६२०. ब्लॉकच्या रकान्यात काहीच नाही.

अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही असाच उशिरा आला. तो पहिल्यांदा १९६९ मध्ये दिला गेला आणि मिळाला तो हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्ट यांना. जिंकलेल्या संघाचे खेळाडू-प्रशिक्षक रसेल यांची ती शेवटची मालिका होती. २००९ पासून तो पुरस्कार ‘बिल रसेल’ यांच्याच नावाने दिला जातो, म्हणजे अकरा अजिंक्यपदे जिंकणाऱ्या माणसाचे नाव अशा पुरस्काराला आहे जो त्याला स्वतःला कधीच मिळाला नाही. संस्थेची स्मृती तिच्या नोंदवहीइतकीच लांब असते आणि नोंदवही अपुरी असली की ती भरून काढण्यासाठी नावे, पुतळे आणि क्रमांक यांचा आधार घ्यावा लागतो, हे या उदाहरणातून ढळढळीतपणे दिसते.

बॉस्टनशी असलेले वैर

पुढच्या नकारांचा अर्थ लागायचा तर रसेल आणि बॉस्टन यांचे संबंध माहीत असणे आवश्यक आहे. ऑक्टोबर १९६१ मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टन येथे प्रदर्शनी सामन्यासाठी संघ उतरला असता सेल्टिक्सच्या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना हॉटेलातील उपाहारगृहाने वाढायला नकार दिला. रसेल आणि संघातील इतर कृष्णवर्णीय खेळाडू सामना न खेळता विमानाने परतले. हे दक्षिणेतले झाले. पण घरचा अनुभवही काही वेगळा नव्हता. बॉस्टनच्या उत्तरेला रेडिंग नावाच्या गावात रसेल कुटुंब राहत असे. एकदा ते बाहेरगावी गेले असताना चोरटे घरात शिरले, त्यांनी सामानाची नासधूस केली, भिंतींवर वंशद्वेषी शिव्या लिहिल्या आणि अंथरुणात विष्ठा टाकून ठेवली. ज्या शहराला हा माणूस दरवर्षी अजिंक्यपद मिळवून देत होता, त्या शहराच्या कुशीतली ही घटना.

यानंतर रसेल यांनी एक भूमिका घेतली आणि ती ते उघडपणे बोलून दाखवत: आपण सेल्टिक्ससाठी खेळतो, बॉस्टनसाठी नव्हे. ते चाहत्यांना स्वाक्षरी देत नसत. स्वाक्षरी मागणाऱ्याशी दोन शब्द बोलायला, हस्तांदोलन करायला त्यांची ना नव्हती, पण कागदावर सही नाही. त्यांच्या या वागण्याला अनेकांनी उद्धटपणा म्हटले. मला त्यात हिशेबीपणा दिसतो, आणि तो चांगल्या अर्थाने. आपण काय देणे लागतो आणि काय लागत नाही, याची त्यांची यादी पक्की होती.

नागरी हक्कांसाठी निघालेल्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाला ते हजर होते. १९६७ मध्ये लष्करात भरती होण्यास नकार देणाऱ्या मुहम्मद अली यांना पाठिंबा देण्यासाठी क्लीव्हलंडमध्ये जे कृष्णवर्णीय खेळाडू जमले, त्यांतही ते होते. बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडणारे जॅकी रॉबिन्सन ऑक्टोबर १९७२ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत रसेल होते. या शेवटच्या संदर्भाकडे पुढे परत यावे लागेल.

रिकामे मैदान आणि रिकामी खुर्ची

सेल्टिक्सने रसेल यांचा सहा क्रमांक निवृत्त करायचे ठरवले ते १९७२ मध्ये. अशा समारंभाचे स्वरूप ठरलेले असते: सामन्याच्या आधी किंवा मध्यंतरात दिवे मंद होतात, जुने सहकारी कोर्टावर येतात, भाषणे होतात, आणि भरलेल्या प्रेक्षागृहाच्या टाळ्यांत क्रमांकाचा फलक वर चढतो. रसेल यांनी यातले काहीही नको म्हणून कळवले. शेवटी तोड निघाली ती अशी. १२ मार्च १९७२ रोजी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध सामना होता. बॉस्टन गार्डनचे दरवाजे प्रेक्षकांसाठी उघडण्याआधी आउरबाख आणि काही मोजके सहकारी यांच्या उपस्थितीत फलक वर गेला. खुर्च्या रिकाम्या होत्या. प्रेक्षक आत आले तेव्हा क्रमांक आधीच टांगलेला होता.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात सन्मान नाकारलेला नाही. सन्मान करणारा कोण, एवढेच रसेल यांनी बदलले आहे. ज्यांच्याबरोबर खेळलो त्यांनी फलक चढवावा, ज्यांनी घर फोडले त्या शहराने टाळ्या वाजवू नयेत, इतका साधा त्याचा अर्थ. याच संघातले त्यांचे सहकारी जिम लॉस्कटॉफ यांनी आणखी वेगळे केले होते. आपला १८ क्रमांक अडवून ठेवू नका, पुढच्या कोणाला तरी तो वापरता यावा, असे त्यांनी सांगितले. मग संघाने क्रमांकाऐवजी त्यांचे लाडके नाव ‘लॉस्की’ फलकावर लिहिले, आणि १८ क्रमांक पुढे डेव्ह कावेन्स यांनी घालून गाजवला. तो अखेर त्यांच्या नावाने निवृत्त झाला. सेल्टिक्सने आजवर वीसहून अधिक क्रमांक निवृत्त केले आहेत. नव्या खेळाडूला मनाजोगता क्रमांक मिळणे तिथे अवघड होऊन बसले आहे. त्या दृष्टीने लॉस्कटॉफ यांचे औदार्य व्यवहारीही होते.

तीन वर्षांनी, १९७५ मध्ये, स्प्रिंगफील्ड येथील बास्केटबॉल हॉल ऑफ फेमने, म्हणजे या खेळातल्या थोरांचा गौरव करणाऱ्या संस्थेने, रसेल यांची निवड केली. खेळाडू म्हणून तिथे प्रवेश मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. (न्यूयॉर्क रेनेसाँ हा कृष्णवर्णीयांचा संघ १९६३ मध्ये, आणि त्याचे संस्थापक बॉब डग्लस १९७२ मध्ये समाविष्ट झाले होते, पण एकट्या खेळाडूचा मान तोवर कोणाला मिळाला नव्हता.) रसेल समारंभाला गेले नाहीत. कारणे वैयक्तिक आहेत आणि त्यांची चर्चा करण्याची इच्छा नाही, एवढेच त्यांनी सांगितले. त्यांचा समावेश तरीही झाला. सन्मान देणाऱ्या संस्थेला घेणाऱ्याच्या संमतीची गरज वाटत नाही, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

खरे कारण कळायला चव्वेचाळीस वर्षे जावी लागली. १९५० मध्ये एनबीएत आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूंत हे तिघे होते: सेल्टिक्सने निवडलेले चक कूपर, निक्सशी करारबद्ध झालेले नॅट क्लिफ्टन, आणि प्रत्यक्ष सामन्यात सर्वांत आधी उतरलेले अर्ल लॉइड. हॉल ऑफ फेमने लॉइड यांना २००३ मध्ये घेतले, क्लिफ्टन यांना २०१४ मध्ये, आणि कूपर यांना २०१९ मध्ये. तोवर क्लिफ्टन आणि कूपर हयात नव्हते. कूपर यांचा समावेश झाल्यावर, नोव्हेंबर २०१९ मध्ये, रसेल यांनी एका खासगी कार्यक्रमात पत्नी आणि बिल वॉल्टन, अलोंझो मोर्निंग, ॲन मायर्स अशा काही स्नेह्यांच्या साक्षीने हॉल ऑफ फेमची अंगठी स्वीकारली आणि कारण जाहीर केले: आपल्या आधीच्या लोकांना हा मान मिळायला हवा होता, म्हणून आपण पहिले होण्यास नकार दिला होता. पंक्तीत वडीलधाऱ्यांचे पान मांडल्याशिवाय आपण जेवायला बसायचे नाही, असा तो नकार होता.

इतकी वर्षे कारण न सांगता गप्प राहणे योग्य होते का, हा प्रश्न उरतो. त्यांनी १९७५ मध्येच कूपर, लॉइड आणि क्लिफ्टन यांची नावे घेतली असती तर संस्थेवर दबाव आला असता आणि कदाचित दोघांना जिवंतपणी मान मिळाला असता, असा युक्तिवाद करता येतो. मला तो पटतो. रसेल यांचा नकार तत्त्वाला धरून होता, परंतु ज्यांच्यासाठी होता त्यांना त्या मौनाचा उपयोग झाला नाही.

अटी मान्य झाल्यावर

रसेल सन्मानाच्या विरोधात नव्हते, याची साक्ष पुढच्या घटना देतात. २६ मे १९९९ रोजी बॉस्टनच्या फ्लीटसेंटरमध्ये त्यांचा क्रमांक दुसऱ्यांदा, यावेळी जाहीरपणे, वर चढवण्यात आला. विल्ट चेंबरलेन, करीम अब्दुल-जब्बार, लॅरी बर्ड असे या खेळातले दिग्गज हजर होते. प्रेक्षक बराच वेळ उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि रसेल यांना गहिवरून आले. हे घडले कारण कार्यक्रमाचे उत्पन्न मुलांना वडीलधाऱ्यांचे मार्गदर्शन मिळवून देणाऱ्या कामासाठी होते. गौरव हे निमित्त आणि निधी हे काम, अशी मांडणी झाल्यावर ते आले.

पुतळ्याचेही तेच. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना स्वातंत्र्यपदक प्रदान करताना, बॉस्टनच्या रस्त्यात रसेल यांचा पुतळा एक दिवस उभा राहावा, अशी इच्छा बोलून दाखवली. शहराच्या महापालिकेसमोरील चौकात १ नोव्हेंबर २०१३ रोजी तो उभा राहिला. रसेल यांना पुतळ्याचे आकर्षण नव्हते. मार्गदर्शनाच्या कार्याचा त्यात समावेश असेल तरच त्यांची तयारी होती, आणि म्हणून त्या शिल्पसमूहात मुलांच्या आकृत्याही आहेत. चेंडू स्वतः बास्केटमध्ये टाकणाऱ्या नव्हे, तर दुसऱ्याकडे देणाऱ्या पवित्र्यात रसेल उभे आहेत. भोवतीच्या दगडी चौथऱ्यांची संख्या अकरा आहे.

मैदानाबाहेरचा हिशेब

क्रमांक निवृत्त करण्याला पैसे पडत नाहीत. म्हणून जुन्या खेळाडूंच्या आठवणीचा विचार करताना पेन्शनचा मुद्दा वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, आणि रसेल यांच्या प्रकरणात तर तो अगदी दाराशी आहे.

१४ जानेवारी १९६४ रोजी बॉस्टन गार्डनमध्ये ऑल-स्टार सामना, म्हणजे लीगमधील निवडक खेळाडूंचा सामना, होता. एबीसी वाहिनी तो संध्याकाळच्या मुख्य वेळेत दाखवणार होती. लीगच्या दृष्टीने ही मोठीच संधी होती. खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष तेव्हा रसेल यांचे सहकारी टॉम हाइन्सन होते. पेन्शन योजनेची मागणी मालक वर्षानुवर्षे टोलवत आले होते. सामन्याची वेळ जवळ आली तरी दोन्ही संघांचे खेळाडू, त्यांत रसेल, ऑस्कर रॉबर्टसन, एल्जिन बेलर आणि जेरी वेस्ट, कपडे बदलण्याच्या खोलीतून बाहेर आले नाहीत. लेकर्सच्या मालकांनी आपल्या दोन खेळाडूंना धमकीवजा निरोप पाठवला. त्यांनी त्याला भीक घातली नाही. वाहिनीचे लोक घड्याळाकडे पाहत असताना लीगचे अध्यक्ष वॉल्टर केनेडी यांनी पेन्शनचा शब्द दिला, आणि मग सामना सुरू झाला.

योगायोग असा की, २०२२ च्या त्याच उन्हाळ्यात, रसेल यांच्या निधनाच्या काही आठवडे आधी, एनबीए आणि खेळाडूंच्या संघटनेने आणखी एक घोषणा केली होती. १९७६ मध्ये एनबीएत विलीन झालेल्या अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशनमधील जे खेळाडू पेन्शनपासून वंचित राहिले होते, अशा सुमारे ११५ जणांसाठी २ कोटी ४५ लाख डॉलर बाजूला काढण्यात आले. विलीनीकरणाला तेव्हा सेहेचाळीस वर्षे झाली होती. काही खेळाडूंना अखेरच्या दिवसांत औषधपाण्याची आणि डोक्यावरच्या छपराचीही भ्रांत पडली होती. अनेक जण वाट पाहत गेले. या बातमीला सहा क्रमांकाच्या तुलनेत अगदी थोडी जागा मिळाली. एका खेळाडूची जर्सी अकरा दिवसांत निवृत्त करणारी संस्था दुसऱ्यांच्या पेन्शनसाठी साडेचार दशके घेऊ शकते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यात होतात, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

निर्णय आणि त्याची अंमलबजावणी

आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी निर्णयाची दोन कारणे जोडून सांगितली: मैदानावरील अतुलनीय यश आणि नागरी हक्कांसाठी केलेले अग्रणी कार्य. जर्सीचा क्रमांक हा खेळाडूच्या ओळखीचा आणि विक्रीचाही भाग असल्याने संघटनेची साथ गरजेची होती, आणि ती मिळाली. आधीपासून सहा क्रमांक घालणाऱ्यांना तो ठेवण्याची मुभा देण्यात आली. २०२२-२३ च्या हंगामात प्रत्येक खेळाडूच्या जर्सीच्या उजव्या खांद्यावर सहा आकड्याचा पॅच होता, आणि प्रत्येक संघाच्या कोर्टावर, गुणलेखकांच्या टेबलाजवळ, क्लोव्हरच्या पानाच्या आकारात तोच आकडा रंगवला होता. क्लोव्हर हे सेल्टिक्सचे चिन्ह. सेल्टिक्सचे हाडवैरी असलेल्या लेकर्सच्या कोर्टावरही ते उमटले.

नमुना बेसबॉलचा होता. मेजर लीग बेसबॉलने १५ एप्रिल १९९७ रोजी, जॅकी रॉबिन्सन यांच्या पदार्पणाला पन्नास वर्षे पूर्ण होताना, ४२ क्रमांक सर्व संघांतून निवृत्त केला होता आणि तेव्हा तो घालणाऱ्यांना सूट दिली होती. त्यांतले शेवटचे मारियानो रिव्हेरा २०१३ पर्यंत खेळले. ज्यांच्या शवपेटीला रसेल यांनी खांदा दिला, त्यांच्याच पंगतीला त्यांना बसवण्यात आले. आइस हॉकीतील वेन ग्रेट्झ्की यांचा ९९ क्रमांक हे तिसरे उदाहरण, पण तिथे प्रश्न केवळ खेळाचा होता.

बेसबॉलने पुढे आणखी एक गोष्ट केली, जी बास्केटबॉलने केलेली नाही. दरवर्षी १५ एप्रिलला सगळे खेळाडू ४२ क्रमांक घालूनच उतरतात. त्यामुळे न वापरण्याच्या क्रमांकाला वर्षातून एकदा वापर मिळतो, समालोचकाला त्याचे कारण सांगावे लागते, आणि लहान मुलाला ते ऐकू येते. पॅच एका हंगामानंतर गेला, कोर्टावरचा रंग पुसला गेला. निव्वळ अनुपस्थित आकडा स्वतःहून काही सांगत नाही. या बाबतीत एनबीएचा निर्णय मला अर्धवट वाटतो.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये याहून वेगळे चित्र आहे. सचिन तेंडुलकर यांच्या निवृत्तीनंतर १० क्रमांकाबाबत कोणताही गाजावाजा झाला नव्हता. २०१७ मध्ये पालघरच्या शार्दूल ठाकूर यांनी श्रीलंकेत तो घातला तेव्हा चाहत्यांनी टीकेची झोड उठवली, आणि पुढे ते ५४ क्रमांकाने खेळू लागले. तिथे नियम आधी लोकांनी केला. एनबीएत तो संस्थेने केला आणि लोकांनी मान डोलावली.

सहा क्रमांकाचे इतर मालक

लीगभर क्रमांक निवृत्त करताना तो आधी कोणाकोणाचा होता, हा प्रश्न येतोच. फिलाडेल्फियाने ज्युलियस अर्विंग यांचा, तर फिनिक्सने वॉल्टर डेव्हिस यांचा सहा क्रमांक पूर्वीच निवृत्त केला होता. ते फलक जागच्या जागी राहिले. सर्वांत गमतीची गोष्ट ऑरलँडो आणि सॅक्रमेंटोची. कोर्टावरच्या पाच खेळाडूंना साथ देणारा सहावा भिडू म्हणजे प्रेक्षक, असे म्हणून या दोन्ही संघांनी सहा क्रमांक आपल्या चाहत्यांच्या नावे निवृत्त केला होता. ज्यांनी रिकाम्या मैदानात आपला फलक चढवून घेतला, त्यांचा आणि प्रेक्षकांचा क्रमांक एकच निघावा, यावर रसेल आपले ते प्रसिद्ध खिदळणारे हसू नक्कीच हसले असते.

निर्णयाच्या वेळी खेळत असलेल्यांपैकी लेब्रॉन जेम्स यांची कथा गुंतागुंतीची आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये त्यांनी, मायकल जॉर्डन यांच्या सन्मानार्थ २३ क्रमांक सर्वांनीच सोडावा, असे म्हटले होते आणि पुढच्या हंगामापासून ऑलिंपिकमध्ये घातलेला सहा घेतला. २०१० मध्ये ते मायामीला गेले तेव्हा २३ तिथे मिळण्यासारखा नव्हताच. जॉर्डन त्या संघाकडून एकही सामना खेळले नसताना मायामीने २००३ मध्ये त्यांचा क्रमांक निवृत्त केला होता. सहा क्रमांकाच्या जर्सीत जेम्स यांनी २०१२ आणि २०१३ मध्ये अजिंक्यपद आणि ‘बिल रसेल’ पुरस्कार दोन्ही जिंकले. लेकर्समध्ये २०२१ पासून ते पुन्हा सहा घालू लागले, आणि ७ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांनी अब्दुल-जब्बार यांचा सर्वाधिक गुणांचा विक्रम मोडला तेव्हाही अंगावर तोच क्रमांक होता, खांद्यावर रसेल यांचा पॅच होता. सूट असूनही त्या उन्हाळ्यात त्यांनी रसेल यांच्या आदरापोटी क्रमांक सोडला, आणि परत २३ घेतला, जो जॉर्डन यांच्यासाठी सोडावा असे ते स्वतः एकदा म्हणाले होते.

इतरांच्या बाबतीत सूट हळूहळू आपोआप संपते, कारण संघ बदलला की क्रमांकही बदलतो. क्रिस्टॅप्स पोरझिंगिस वॉशिंग्टनमध्ये सहा घालत. २०२३ मध्ये ते नेमके सेल्टिक्समध्ये गेले आणि आठ घालू लागले. शिकागोचे ॲलेक्स कारुसो २०२४ मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेले आणि त्यांनी नऊ घेतला.

निकषाचा प्रश्न

लीगने हा निर्णय घेताना पुढच्यासाठी कोणताही निकष लिहून ठेवलेला नाही. जानेवारी २०२० मध्ये कोबी ब्रायंट यांचा हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू झाला तेव्हा त्यांचा क्रमांक सर्वत्र निवृत्त करावा अशी मागणी झाली होती, आणि डॅलसने २४ क्रमांक आपल्यापुरता बंदही केला. लीगने त्याऐवजी ऑल-स्टार सामन्याच्या पुरस्काराला त्यांचे नाव दिले. डिसेंबर २०२२ मध्ये तर सर्वच प्रमुख पुरस्कारांची नावे बदलली: वर्षातील सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी जॉर्डन यांच्या नावे, नवोदिताची चेंबरलेन यांच्या, बचावपटूची हकीम ओलाजुवान यांच्या. पुरस्काराचे नाव हा या लीगचा नेहमीचा मार्ग आहे, आणि लीगभर क्रमांकनिवृत्ती हा अपवाद.

तो अपवादच राहावा, असे माझे मत आहे. केवळ खेळातील थोरवी हा निकष धरला तर जॉर्डन, अब्दुल-जब्बार, ब्रायंट आणि पुढे जेम्स अशी रांग लागेल आणि क्रमांक संपत जातील. खेळाबरोबर खेळाबाहेर मोजलेली किंमत हा निकष धरला तर रांग फार छोटी होते, आणि रसेल तिच्यात निर्विवादपणे पहिले ठरतात. सिल्व्हर यांच्या निवेदनात हा दुसरा निकष आहे, पण तो नियम म्हणून बांधलेला नाही. जेम्स निवृत्त होतील तेव्हा २३ क्रमांकावर जॉर्डन आणि जेम्स या दोघांच्या बाजूने एकाच वेळी मागणी येण्याची दाट शक्यता आहे, आणि त्या वेळी लीगला निकष शब्दांत मांडावाच लागेल. सहा क्रमांकाच्या वेळी ती वेळ आली नाही, कारण रसेल यांच्या नावावर वाद घालायला फारसे कोणी तयार नव्हते.